सोडणाऱ्याला शेंदूर

सकाळी सात वाजता शहाद्याच्या जिनिंग कारखान्यात इंजिन सुरू झालं, पण सरकी वेगळी करणारं एकही यंत्र फिरलं नाही. कापसाच्या पाट्या घेऊन बाया उभ्याच राहिल्या. यंत्र फिरलं नाही तर त्यांना रोज नव्हता.

फिटर प्रेमचंदने इंजिन थांबवून क्लचचं झाकण काढलं. क्लच त्याच हंगामात आलेला. खटका वर केला की तारेच्या वेटोळ्यात वीज जाई, वेटोळ्याचा लोहचुंबक होई आणि तो समोरची लोखंडी तबकडी ओढून धरी. मग इंजिनाबरोबर सगळी यंत्रं फिरत. खटका पाडला की वीज तुटे, स्प्रिंग तबकडीला मागे घेई. इंजिन चालू राही, यंत्रं थांबत.

आज तबकडी लाल होती. तेलात कालवलेला शेंदूर, बोटांनी फासलेला.

"आठे शेंदूर कोनी लाया?" त्याने बायांना विचारलं.

"मी." डोंगरातल्या काठी गावाहून मजुरीला आलेली कालीबाई पुढे झाली. तिच्या उजव्या हाताला चिंधी बांधलेली होती. काल तिचा पदर फिरत्या दांड्यात गुंडाळला गेला आणि मागोमाग हात ओढला गेला. शेजारच्या दगूबाईने धावत जाऊन खटका पाडला. हात सोलवटला, पण राहिला.

दगूबाईने कमरेवर हात ठेवले. "खटका मी पाडा, अन् शेंदूर लोखंडले? वा वं माय!"

बाया हसल्या.

"तुले कोंबडं देसू," कालीबाई म्हणाली. "पन पदर त्यानी धरा व्हता. सोडा बी त्यानीच. आमना डोंगरम्हा वाघ सोडी दे, तर वाघदेवले शेंदूर लावतस."

"बाई, हाऊ कोरडाच पाहिजे," प्रेमचंद म्हणाला. "तेल लागनं का घसरस. धरतच नही."

"मंग बरं शे ना!" कालीबाई म्हणाली.

या वेळी प्रेमचंदही हसला. त्याने पेट्रोलची चिंधी घेऊन तबकडी पुसायला घेतली. कालीबाई डाव्या हाताने त्याला कोऱ्या चिंध्या देत राहिली. नऊच्या सुमारास क्लचने पकड घेतली.

दुपारी मालक फेरीला आले. क्लचच्या बंद झाकणावर, बाहेरच्या बाजूला, शेंदराचा ओला टिळा होता.

"हे कोणाचं काम?"

कालीबाई पाटीवर वाकलेली होती; तिचे हात कापसाने पांढरे होते. प्रेमचंदच्या बोटाला शेंदूर होता. तो सकाळी पुसतानाही लागला असेल.