दह्याची चव

पद्मजा संशयाच्या आजारावरची गोळी गालात धरून ठेवायची आणि मागच्या दारी जाऊन थुंकायची, म्हणून आई हल्ली गोळी कुटून तिच्या दह्यात कालवायची. हे डॉक्टरांना सांगायचा आईला धीर होत नव्हता. दह्याचा सल्ला मात्र त्यांचाच होता. पोटातल्या जंतूंचा डोक्याच्या आजाराशी काहीतरी संबंध असावा असं संशोधन चाललंय, गोळीबरोबर रोज वाटीभर दही द्या, असं ते म्हणाले होते.

गेल्या महिन्यात दोघी मायलेकी वैरागहून एसटीनं शहरातल्या सात रस्ता चौकातल्या दवाखान्यात आल्या, तेव्हा पद्मजानं सांगूनच टाकलं. "दही लई कडू लागतंय डॉक्टर. आई त्यात कायतरी घालती."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "न्हाय ओ, घरचंच दही हाय. शेंगाची चटणी घालून देते की."

"संशय अजून गेलेला नाही," म्हणत डॉक्टरांनी गोळी दुप्पट केली. दुसऱ्या दिवसापासून दही जिभेवर ठेववेना.

महिनाभर पद्मजा ते गिळत राहिली. परत सात रस्त्याला आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "आता दही कसं लागतं?" तिनं आईकडं बघायचं टाळलं, ओठांवर हसू आणलं आणि म्हणाली, "ग्वाड लागतंय."

डॉक्टरांचा चेहरा खुलला.



"बघा, डोस लागू पडला. आता हाच कायम ठेवू."