ब्याण्णवच्या वरचे

"नव्वद." सिस्टरनं धाकटीच्या बोटाचा ऑक्सिमीटर काढला. "तुम्हाला बेड लागणार." मग तोच चिमटा तिनं शेजारच्या खुर्चीतल्या थोरल्या जावेच्या बोटाला लावला. "चौऱ्याण्णव. ठीक आहे. यांना घरी न्या."

"कोण नेणार?" धाकटी म्हणाली. "इथवर मीच तर आणलंय त्यांना."

दोघी जावा एकाच घरातल्या, एकाच आठवड्यात तापानं आडव्या झालेल्या. छातीत कफ दोघींच्या. पण दवाखान्याच्या अकरा पायऱ्या धाकटी कशीबशी का होईना, चढली होती. थोरली तीनदा खाली बसली होती, आणि शेवटच्या दोन पायऱ्या तर धाकटीनं तिला ओढतच आणलं होतं. आता थोरली गुडघ्यांवर हात रोवून, मान पुढे काढून श्वास ओढत होती.

"डॉक्टर, जरा यांच्याकडे बघा तरी!"

टेबलामागच्या तरुण डॉक्टरनं कागदातून डोकं वर काढलं. "बघितलं. चौऱ्याण्णव आहे. ब्याण्णवच्या खाली असेल त्यालाच ऑक्सिजन. बेड किती उरलेत ते दिसतंय ना? घाबरल्या असतील त्या. घाबरलं की धाप लागते."

"ही बाई सापाला घाबरत नाही हो!"

थोरली हसायला गेली आणि खोकत सुटली.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिनं थोरलीचा काळाभोर हात उचलून आपल्या गोऱ्या हाताशेजारी टेबलावर ठेवला.

"हा चिमटा करतो काय? बोटातून उजेड आरपार सोडतो आणि पलीकडे किती पोचला ते बघतो. बरोबर?"

"साधारण तसंच," सिस्टर म्हणाली.

"मी फोटो स्टुडिओत काम करते. पासपोर्टचे फोटो काढते. आम्हा दोघींना एकाच उजेडात बसवलं तर माझा फोटो झकास येतो, आणि यांचं नाक कुठं, गाल कुठं, काही कळत नाही. दोष यांच्या कातडीचा नाही. दिवे माझ्या रंगाच्या हिशेबानं लावलेले असतात, त्याचा आहे. तुमच्या चिमट्याचंही तसंच नसेल कशावरून?"

"फोटो वेगळा, शरीर वेगळं," डॉक्टर म्हणाला. "मशीन खोटं बोलत नाही."

"मग काय, माणूस खोटं धापा टाकतोय?"

थोरलीनं तिचं मनगट धरलं. "सोड गं... तू जा... बेडवर. मला तर तू... नेहमीच म्हणतेस... ताई, दात दाखवा... नाहीतर फोटोत... सापडायच्या नाहीत."

सिस्टरनं वाकून थोरलीचा खालचा ओठ बोटानं उलटा केला आणि आतला रंग पाहिला. ओठ आतून निळसर पडला होता.

"मला बेड नको," धाकटी म्हणाली. "आधी यांची दुसरी काही तपासणी असेल ती करा. तोवर मी इथून हलायची नाही."

"तुम्ही स्वतः नव्वदवर आहात. कळतंय का?"

"कळतंय. म्हणून तर म्हणते, लवकर करा."

"सर," सिस्टर हळूच म्हणाली, "धमनीतलं रक्त घेऊन त्यातला ऑक्सिजन बघू या ना. दहा मिनिटांचं काम आहे."

डॉक्टरनं हातातलं पेन टेबलावर आपटलं. "घ्या. एकदाची यांची खात्री होऊ दे."

दहा मिनिटांनी रिपोर्ट आला. डॉक्टरनं तो वाचला. पुन्हा वाचला. मग कागद उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली.

"चौऱ्याऐंशी," तो म्हणाला.

मग मात्र एकच धावपळ उडाली. धाकटीसाठी राखलेल्या बेडवर थोरलीला निजवलं, मास्क लावला. खिडकीशी आणखी एक खाट दाटीवाटीनं बसवून धाकटीची सोय केली, तिलाही मास्क लावला. थोरलीचे खांदे हळूहळू खाली आले. तिनं डोळे मिटले.

डॉक्टर चिमटा हातात घेऊन उलटसुलट करत होता. "नवीन आहे हो हा," तो पुटपुटला. "गेल्याच महिन्यात आलाय."

"कुणाच्या बोटांवर तपासून पाठवलाय, ते विचारा बनवणाऱ्यांना," धाकटी म्हणाली आणि तिनं वैतागून खिडकीकडे तोंड फिरवलं.

खिडकीतून बाहेरच्या पायऱ्या दिसत होत्या. खाकी शर्टातला एक काळासावळा, थोराड माणूस हातात चिठ्ठी घेऊन खाली उतरत होता. दोन पायऱ्या उतरला की कठडा धरून थांबत होता. पुन्हा दोन पायऱ्या, पुन्हा कठडा.

धाकटीनं मास्क बाजूला केला. "सिस्टर, त्यांना कुठे पाठवलंत?"

"घरी. मघाशीच बघितलं मी त्यांचं. पंच्याण्णव आहे त्यां—"

सिस्टरचं वाक्य तोंडातच राहिलं. हातातला ट्रे तिथंच टाकून ती धावत सुटली. माणसाचं नाव तिनं विचारलंच नव्हतं. चिठ्ठीवर नुसता आकडा लिहून दिला होता.

"ओ पंच्याण्णव!" वरच्या पायरीवरून ती जिवाच्या आकांतानं ओरडली. "अहो पंच्याण्णव, थांबा!"

पायऱ्यांपासून फाटकापर्यंत, चिठ्ठ्या घेऊन घरी निघालेले तिघं जण एकदम मागे वळले.