उकळत्या पाण्याची बादली

बादलीतून वाफा निघत होत्या. सासूबाईंनी ब्लीचची दोन झाकणं मोजून ओतली आणि फडकं बुडवून पिळलं. हात पोळले, पण तोंडातलं देवाचं नाव थांबलं नाही. साथ सुरू झाल्यापासून, गेले बारा दिवस, हा त्यांचा नेमच होता. अंघोळ झाली की आधी घर पुसायचं, मग चहाचा घोट.

मागच्या दाराबाहेर सून उभी होती. इस्पितळातली पाळी संपवून आलेली, बाहेरच्या मोरीत अंघोळ करून, ओले केस बांधून. या बारा दिवसांत तिने उंबरठा ओलांडला नव्हता. जिन्याखालच्या खोलीत तिचं अंथरूण होतं, पायरीवर तिचं ताट.

"चिमणीला ताप आहे," सासूबाई तिच्याकडे न बघताच म्हणाल्या. "पहाटेपासून. चार दिवस तिचे आजोबा पडलेत, आता ती. आम्ही इथे मरमर मरून घर पुसतोय आणि तू रोज तिकडून घेऊन येतेस. बोलले तर मी वाईट."

सून एक पायरी वर आली आणि थांबली. "किती आहे?"

"एकशे एक. झोपलीय."

"श्वास?"

"ठीक आहे. तेवढं कळतं मला."

"परवा माझी तपासणी झाली, आई. काही निघालं नाही."

"निघेल कसं? तपासणारी तुमचीच माणसं."

सून बादलीकडे बघत होती. "पाणी गरम आहे का?"

"उकळतं. मी काही वरवरचं काम करत नाही."

"रोज उकळतंच घेता?"

"मग? गार पाण्याने कुठे जंतू मरतात?"

"आणि पुसायला सुरुवात कुठून करता?"

अखेर कुणीतरी विचारलं, असं वाटून सासूबाईंनी कंबर सरळ केली. "ह्यांच्या खोलीपासून. जिथे रोग, तिथे आधी हात घालायचा. पलंगाची कड, पाण्याचा पेला, दाराची मूठ. मग स्वयंपाकघर. मग चिमणीचं टेबल, तिच्या पेन्सिली, खेळणी. एक कोपरा सोडत नाही मी."

"सगळं याच फडक्याने?"

"याच. शेवटी धुऊन वाळत घालते की."

सुनेने तोंडावरचा मास्क सारखा केला. तो सारखाच होता. मग वॉर्डात नव्याने आलेल्या मुलींना सांगावं तशा हळू आवाजात ती म्हणाली, "ब्लीच गार पाण्यात घालायचं असतं, आई. उकळत्या पाण्यात त्याची ताकद उडून जाते. नुसता वास उरतो. आणि आजारी माणसाच्या खोलीचं फडकं त्या खोलीतच ठेवायचं. बाकी घराला लावायचं नाही."

चिमणीला पेन्सिल चावायची खोड होती, म्हणून सासूबाई तिच्या पेन्सिली रोज दोनदा पुसत. एकेक करून, टोकापासून टोकापर्यंत.

देवाचं नाव कधी थांबलं ते त्यांना कळलं नाही.

तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. हात ओले म्हणून त्यांनी करंगळीने स्पीकरचं बटण दाबलं, आणि लेकीचा आवाज सगळ्या स्वयंपाकघरात घुमला.

"आई, चिमणीलाही झालं ना? मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, वहिनीला तिकडेच राहू दे. त्यांना राहायच्या खोल्या देतात. पोरीच्या जिवाशी खेळ कशाला? आता तरी बोलशील का तिला? की मी बोलू?"

सून दारातच होती. तिने मान खाली घातली नाही, वरही केली नाही.

सासूबाईंच्या डोळ्यांपुढे नवऱ्याची मान आली. गेल्या आठवड्यात ते पाय मोकळे करून येतो म्हणून गेले होते आणि परत आले तेव्हा कानामागचे केस ताजे कापलेले होते. त्यांनी ते पाहिलं होतं. नवऱ्याला विचारलं नव्हतं, कुणाला सांगितलंही नव्हतं. आता न्हाव्याकडचं ते आणि फडक्याचं हे, दोन्ही मिळून लेकीला सांगायला दोन वाक्यांचं काम होतं.

"आई? ऐकतेस ना?"

"ठेवते गं," सासूबाई म्हणाल्या. "दूध उतू चाललंय."

शेगडीवर काहीच नव्हतं.

सुनेने तिकडे पाहिलंही नाही. बाहेरच्या नळावर तिने कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, निथळू दिले, आणि पुन्हा दाराशी आली.

"आई, मी चिमणीजवळ जाऊ?"

स्वतःच्या मुलीजवळ जायला ती विचारत होती. सासूबाईंना हो म्हणवेना. त्या नुसत्या बाजूला झाल्या, भिंतीला पाठ लागेपर्यंत. सून आत गेली. थोड्या वेळाने त्याही मागोमाग गेल्या आणि खोलीच्या दाराबाहेर थबकल्या.

चिमणीने डोळे किलकिले केले. मास्कच्या वरचे डोळे ओळखून तिने पांघरुणातून हात बाहेर काढला, आईचं बोट धरलं, आणि लगेच सोडून दिलं.

"आई, तू आत कशी आलीस?" ती कुजबुजली. "लवकर जा. आजी आता पुसायला येईल."