उद्यापनाचा भाग

"त्याला मारून टाक, राजलक्ष्मी. तुझ्या पाया पडतो," मानसिंग उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला.

राजलक्ष्मी चुरमा कुस्करत होती. सोळा सोमवारांचं आज उद्यापन. हात तुपागुळानं माखलेले. तिनं मान वर केली नाही. तिच्याशी झालेला साखरपुडा मोडल्यापासून हा माणूस तिच्या गावाच्या, कळसच्या वाटेला फिरकला नव्हता. मोडला तेव्हा मात्र आपल्या गावात, लासुर्ण्याच्या पारावर बसून चारचौघांत बोलला होता, "सारखं देव देव, तोंडात शब्द न्हाय. मुक्या देवळात कोण संसार करील?" ते बोलणं गावोगाव फिरलं. पुढं तिला स्थळच आलं नाही.

"कोण आलंय गं?" आतून आईनं विचारलं.

"कुणी न्हाय आई. गोष्ट ऐकणारं हाय एक."

ज्याला मारायचं तो ज्ञानेश, राजलक्ष्मीच्या गोष्टीतला. दर सोमवारी पूजा झाली की ती एक भाग मोबाईलवर बोलून सगळ्यांना ऐकायला टाकायची. गोष्टीत उजनी धरणाचं पाणी ओसरतं, बुडालेलं गाव वर येतं आणि त्याच्याबरोबर एक तरणाबांड गडी. धरण भरलं तेव्हा पाण्यात गेलेला, पण एका दिवसानंही म्हातारा न झालेला. त्यानं एका पोरीला शब्द दिलेला असतो, 'तुला न्यायला येईन.' ती कुठल्या गावात दिली, त्याला ठाऊक नाही. ती आता म्हातारी झाली असणार, हे ठाऊक आहे. तरी तो दर सोमवारी वर येतो, एकेका गावात तिला शोधतो आणि दिवस मावळताना पाण्यात परत जातो. कांदा खुरपताना, डाळिंब निवडताना बायका कानात वायर घालून त्याच्या मागं मागं हिंडायच्या.

मानसिंग पायरीवर टेकला. "प्रगती भाकरी थापताना तुझा आवाज लावती. माझ्या घरात, माझ्या बायकोच्या कानात तू! परवा तिला बारामतीला न्यायचं कबूल केलं आन् इसरलो. भांडली न्हाय. म्हणाली, तो शब्दासाठी पाण्याखालनं येतुया, तुमास्नी लासुर्ण्यातनं बारामतीला जाया जमंना व्हय? तवापासनं नुस्ती बघती माझ्याकडं. मालात खोट निघाल्यावानी."

"मग मी काय करू, मानसिंगराव?"

"मानंवरचा तीळ माझा. बाही दुमडायची तऱ्हा माझी. हसणंबी माझंच घातलंयस त्याला."

"सगळं तुमचंच हाय," ती हळू म्हणाली. "दिलेला शब्द पाळतो, तेवढंच माझ्या पदरचं."

तो हात जोडून म्हणाला, "बुडीव त्याला. पाण्याचाच हाय तो. दोन दिस रडंल प्रगती, मग इसरंल."

राजलक्ष्मीनं चिमूटभर चुरमा त्याच्या तळहातावर ठेवला. "देवाचा हाय, न्हाय म्हणू नका. जावा आता. सांजच्याला भाग टाकते."

तो सुटल्यासारखा गेला.

आजचा भाग तिच्या मोबाईलमध्ये पहाटेच तयार होता. त्यात ज्ञानेश बुडत होता. पहिल्या सोमवारपासून ती याच दिवसाची वाट बघत होती. एवढ्या मायेनं घडवला होता तो याच हातांनी बुडवायला. मानेवरचा तो तीळ पाण्याखाली गेला, तेव्हा तिचा आवाज जरासुद्धा हलला नव्हता. त्याला असं बुडवायचं बळ, महादेवाकडं तिनं एवढंच मागितलं होतं. लोकांना वाटायचं, नवरा मागते.

सांजेला दिवा लावला. चुरम्याचे तीन वाटे केले. एक देवाला, एक गाईला, एक स्वतःला. मग हात स्वच्छ धुऊन तिनं पहाटेचा भाग पुसून टाकला. मानसिंगला तिच्या दारात हात जोडायला लावून महादेवानं मागितलं होतं त्याहून जास्तच दिलं होतं. तिनं पिंडीला डोकं टेकवलं, पदर सारखा केला आणि फोन तोंडाशी धरला. आवाज नेहमीसारखाच, मऊ.

"ज्ञानेश काठावर आला. दिवस मावळला. पण आज पाणी त्याला मागं ओढीना. त्यानं बाही दुमडली आणि लासुर्ण्याची वाट धरली."