सत्तावीस गीतांचा कवी

"हे काय छापलंय, काका?"

तिने नवा गीतसंग्रह चर्चच्या मंडळीच्या चिटणीसांपुढे आपटला. कपातला चहा बशीत आला.

दुकानात एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं माप घेता घेता ती तशीच उठून आली होती. टेप अजून गळ्यातच होती. गिऱ्हाइकाने नवं पुस्तक कौतुकाने दाखवलं, तिने बाबांचं पान काढलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"बसा ताई," चिटणीस रुमालाने टेबल पुसत म्हणाले.

"बसायला नाही आले. पान चाळीस काढा. 'कवी : अज्ञात'. पुढे त्रेचाळीस. तिथेही अज्ञात. सत्तावीस ठिकाणी मोजलंय मी. माझे बाबा अज्ञात? गुरुजी अज्ञात? या गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी बाराखडी गिरवायला लावली. तुम्हालासुद्धा."

खोलीत नव्या पुस्तकांचे खोके छतापर्यंत रचलेले होते आणि खळीचा वास कोंडला होता.

"परदेशी पाळकांची नावं मात्र आहेत. जन्म-मृत्यूच्या सालांसकट. ज्यांना आपली भाषा धड बोलता येत नव्हती, त्यांची भाषांतरं नावानिशी. आणि ज्याने आपल्या बोलीत गीतं लिहिली, ज्याच्यामुळे म्हातारी माणसंसुद्धा पुस्तक न उघडता गायला लागली, त्याच्या नावावर बोळा फिरवला. मेलेला माणूस भांडायला येत नाही म्हणून?"

"तसं नाही हो."

"मग कसं? 'बांध माझे हात, प्रभो' हे गीत म्हटल्याशिवाय इथे एक तरी प्रेत उचललं जातं का? तुमच्या वडिलांच्या वेळी तुम्हीच बाबांना घरी येऊन म्हणालात ना, की गुरुजी, तुम्हीच सुरुवात करा?"

"म्हणालो होतो," चिटणीस हळूच म्हणाले.

तिचा आवाज चिरकला. "तुम्हाला काय माहीत ती गीतं कशी व्हायची. बाबा दोन दोन दिवस शाळेत जायचे नाहीत. आम्हा पोरांना मावशीकडे धाडायचे. आईला खाटेवरून उठू द्यायचे नाहीत, स्वयंपाक स्वतः करायचे, भांडी घासायचे आणि तिच्या उशाशी बसून लिहायचे. डोळ्यांतून पाणी गळायचं त्यांच्या. नंतर वहीत पक्कं उतरवायची ती आई. असा एक नवरा दाखवा मला अख्ख्या मंडळीत."

चिटणीसांनी खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "संपादक मंडळाने आपणहून नाव काढलं नाही. अर्ज आला होता."

"कुणाचा?"

"ते विचारू नका. मी शब्द दिलाय."

"ठीक आहे. मग रविवारी उपासनेत उभी राहून सगळ्यांसमोर विचारते."

ती ते करील, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी खण उघडला, एक कागद काढला आणि उलटा करून तिच्यापुढे सरकवला.

चारच ओळी होत्या. 'खाली दिलेल्या सत्तावीस गीतांवर माझ्या यजमानांचं नाव नसावं. गीतं ठेवावीत. कारण विचारू नये.' सही पाहायची गरजच नव्हती. वहीतलं ते गोल, टपोरं अक्षर तिने लहानपणापासून पाहिलं होतं.

ती कागद तिथेच टाकून बाहेर पडली.

पहिल्या चौकापर्यंत ती आईवर धुमसत होती. घरचीच भेदी निघाली म्हणायची. पण रस्ता ओलांडताना तिला एक गोष्ट आठवली आणि तिचे पाय जागीच थबकले. उपासनेत बाबांचं गीत सुरू झालं की आई कधी गात नसे. "मला आवाज नाही," म्हणून ओठ मिटून उभी राहायची. इतर गीतं मात्र गुणगुणायची.

अक्षर आईचं. वही आईची. आणि सत्कार मात्र बाबांचे.

मग सगळा राग फिरला. चिटणीसांशी आपण कुणासाठी भांडलो? बायकोची गीतं स्वतःच्या नावावर खपवणाऱ्या माणसासाठी? घराची पायरी चढेस्तोवर बाबांचं नाव तिला तोंडात घेववेना.

आई खिडकीपाशी बसून दुकानाची बटणं निवडत होती. काळी एका डब्यात, पांढरी दुसऱ्या.

"आई, मी अर्ज वाचला. मला सगळं कळलंय."

आईचा हात थांबला. "काय कळलं?"

"गीतं तुझी आहेत. बाबांनी चोरली."

आईने तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग एक बटण उचलून डब्यात टाकलं.

"मला कुठली गीतं सुचतायत, बाई. त्यांचीच आहेत. शब्दन्‌शब्द त्यांचा."

"मग नाव का काढायला लावलंस? तेही ते गेल्यावर नऊ वर्षांनी?"

"नव्या पुस्तकात कवींचा परिचय छापणार होते. वाचून बघा म्हणून माझ्याकडे कागद पाठवला. उत्तम शिक्षक, लिहिलं होतं. खरं आहे. देवभीरू, लिहिलं होतं. असतील. पुढे लिहिलं होतं, प्रेमळ पती."

ती समोरच्या खुर्चीत बसली. "म्हणजे?"

आई डब्याचं झाकण लावू लागली. ते नीट बसेना. तिने ते तसंच ठेवलं.

"माझ्यावर हात उचलला की दोन दिवसांत गीत व्हायचं. वहीत सत्तावीस आहेत. गीत सुचलं नाही, त्या खेपा मी मोजल्या नाहीत."