पाकटाचा काटा

होडी वाळूला लागली, पण मासळी घ्यायला कोणी पुढे आलं नाही. गावातल्या म्हाताऱ्या आप्पाने शिवाच्या हातातला दोर काढून घेतला आणि सांगितलं, त्याची बायको मालन काल गेली. अंगठ्याला काहीतरी लागलं होतं, त्याचा धनुर्वात झाला. दातखीळ उघडलीच नाही.

काय लागलं ते गावाने ठरवून टाकलं. आठ दिवसांपूर्वी शिवाने घरी पाकट आणलं होतं. पाकटाच्या शेपटीवरचा विषारी काटा होडीतच मोडायचा, अशी तिथली रीत. त्या दिवशी घाईत शिवा विसरला होता. पाकट मालननेच कापलं. यापुढे कोणाला काही विचारायची गरज वाटली नाही. शिवालाही नाही.

सासू नातीला आपल्या गावी, नाट्याला, घेऊन गेली. दहा वर्षांची राही जाताना बापाशी बोलली नाही. शिवा जाळं दुरुस्त करत बसे. कोणी ताट वाढलं तर जेवे. रडू काही आलं नाही.

महिन्याने शेजारची सोनूबाई येऊन बसली. मालनला शेवटची आंघोळ तिनेच घातली होती.

"लोक तुला बोलतात ते ऐकवत नाय, म्हणून सांगते. पाकटाचा काटा करवतीसारखा. बाहेर येताना मांस घेऊन येतो. लागला की मर्द गडी वाळूत लोळतो. मालनच्या अंगठ्याला टाचणीएवढं भोक होतं. आत काटा मोडलेला. मी काढला. वहाळाकाठच्या रानगुलाबाचा होता."

शिवाने हातातलं जाळं खाली ठेवलं. मग त्याने विचारलं, ती वहाळावर गेली कशाला?

सोनूबाईने पदर सारखा केला. "राही हटून बसली होती. जत्रेला वेणीत फूल हवं म्हणून. पोर समोर होती, तेव्हा बोलले नाय मी."

दुसऱ्या दिवशी शिवा मचव्याने नाट्याला गेला. सासूने पाणी विचारलं नाही. राही ओटीवर तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. पण महिन्याभरात पहिल्यांदा ती बोलली.

"बा, काटा का नाय मोडलास?"

"विसरलो गो," शिवा म्हणाला.

वहाळावरचं त्याने तिला अजून सांगितलेलं नाही.