आडवा वारा
धावपट्टीवरून चाकं वर उठताच आडव्या वाऱ्याने छोटं विमान कलंडवलं आणि ते कुंपणावर आदळलं. वारा वाईट आहे हे शिकाऊ वैमानिक मृण्मयीला आधीच कळलं होतं, पण शेजारी बसून शिकवणाऱ्या दाणी सरांपुढे बोलायचं कसं, म्हणून ती गप्प बसली होती. पाय मोडलेल्या सरांना तिनेच काखेत हात घालून बाहेर ओढलं.

तीन महिन्यांनी, आई नको म्हणत असताना, ती पुन्हा विमानात बसली. शेजारी नवे सर होते. वारा तसाच आडवा सुटला.

“घाबरलीस? चल, घे वर,” ते म्हणाले.

“घाबरले तर आहेच, सर. पण या वाऱ्यात मी उडणार नाही.” तिने इंजिन बंद केलं.

“लायसन्स लांबेल तुझं.”

“लांबू दे.”

दुसऱ्या दिवशी वारा पडला. सरांच्या आधी ती विमानापाशी हजर होती.